क्लाइव्हच्या गावाहून आई-बाबांना

मार्केट ड्रेटन,
श्रॉपशायर

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "तू राहतेस ते गाव आहे तरी कसं?" आणि मी पुन्हा "चांगलं आहे हो" एवढंच ओरडून सांगितलं. कानाचं यंत्र कपाटात ठेवल्यावर यापेक्षा जास्त बोलणं होत नाही, म्हणून लिहून पाठवते. अक्षर मोठं ठेवलंय. आईने वाचून दाखवलंच, तर तिला नको असलेला मजकूर तिने गाळू नये.

गाव लहान. वस्ती बारा हजारांच्या आसपास. खालून टर्न नदी वाहते, वर टेकाडावर लाल दगडाचं सेंट मेरीचं चर्च, आणि त्या दोन्हींच्या मधे जुने रस्ते. दिवसभरात गाव पाहून होतं असं लोक म्हणतात, पण ते बुधवारी आलेले नसतात. बुधवारी इथे बाजार भरतो. १२४५ साली तिसऱ्या हेन्री राजाने कॉम्बरमीरच्या मठाला या बाजाराची सनद दिली. बाबा, तुमच्यासाठी हिशेब करून ठेवलाय: तेव्हा देवगिरीला सिंघण यादवाचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वर जन्मायला अजून तीस वर्षं होती. सनद मिळणं म्हणजे नुसती परवानगी नव्हे. बाजार भरवायचा हक्क मठाचा, म्हणून येणाऱ्याकडून पट्टी घ्यायचा हक्कही मठाचा. पुढे आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडले, त्यात १५३८ साली कॉम्बरमीरही गेला. साधू गेले, राजे बदलले, बुधवार मात्र राहिला.

आई, बाजार बघून तुला हसू येईल. आपल्याकडच्या आठवडी बाजाराचा गलका इथे नाही. रस्त्याच्या कडेला कापडी छपराखाली दुकानं, कुंड्यांतली रोपं, अंडी, कुत्र्यांचे पट्टे, मोजे, चीज. "श्रॉपशायर ब्लू" नावाचं नारिंगी रंगाचं, निळ्या शिरांचं चीज लोक मोठ्या अभिमानाने घेतात, आणि ते पहिल्यांदा बनलं कुठे, तर स्कॉटलंडात! कुणी घासाघीस करत नाही. तू करशील, आणि मी चार पावलं पुढे जाऊन उभी राहीन.

जुनी लाकडी चौकटींची, काळ्यापांढऱ्या भिंतींची घरं दिसतात. त्यातली बरीचशी १६५१ नंतरची. त्या वर्षी एका बेकरीत आग लागली आणि लाकडाच्या घरांतून पसरत जवळजवळ ७० टक्के गाव घेऊन गेली. लोणी-अंडी विकायला बायका जिथे बसत, त्या खांबांच्या मंडपावर एक घंटा आहे. पुन्हा आग लागली तर वाजवायला म्हणून ती ठेवलीय, असं सांगतात.

त्याच्याही आधीची, १४५९ ची, इंग्रजांच्या आपसांतल्या यादवीतली एक लढाई जवळच ब्लोर हीथला झाली. हरलेल्या बाजूची राणी मार्गारेट शेजारच्या गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावरून लढाई पाहत होती, आणि पळताना माग चुकवायला तिने घोड्याच्या नाला उलट्या ठोकून घेतल्या अशी आख्यायिका आहे. ही गोष्ट मला आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितली तेव्हा मी म्हटलं, आमच्याकडे असे उलट्या नालांचे घोडे किल्ल्याकिल्ल्यावरून पळालेत.

आता मूळ मुद्दा. बाबा, तुम्ही शाळेच्या मुलांना विजयदुर्गाच्या बुरुजावर उभं करून १७५६ चा फेब्रुवारी सांगायचात ना? ॲडमिरल वॉटसनचं आरमार आत शिरलं, तुळाजी आंग्र्यांची जहाजं पेटली, आणि जमिनीवरच्या फौजेचा मुख्य होता रॉबर्ट क्लाइव्ह. तो क्लाइव्ह इथला. इथून तीन मैलांवर मोरटन सेजवळच्या स्टिच हॉलमध्ये १७२५ साली जन्मला आणि थोडी वर्षं याच गावातल्या शाळेत शिकला. सर रोलंड हिल नावाच्या माणसाने ती शाळा १५५५ साली काढली होती.

गावाला आठवतो तो हा शाळकरी क्लाइव्ह. चर्चच्या मनोऱ्यावर चढून पन्हाळीच्या दगडी राक्षसमुंडीवर जाऊन बसलेला. दुकानदारांकडून हप्ता गोळा करणारा. न देणाऱ्याच्या दारात गटार तुंबवून पाणी घुसवणारा. खरं किती, खोटं किती, देव जाणे, पण इथे या गोष्टी कौतुकाने सांगतात, खट्याळ मुलाच्या सांगाव्यात तशा. मला ते खटकतं. हप्तेवसुलीचं पुढे काय झालं ते आपल्या किनाऱ्याने आणि बंगालने पाहिलंय.

चर्चमध्ये पाहुण्यांना माहिती सांगायला एक वयस्क बाई बसतात. त्यांना मी घेरियाचं सांगितलं (इंग्रज विजयदुर्गाला घेरियाच म्हणत). त्यांनी हे नावच ऐकलेलं नव्हतं. मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग जिंकलं कोण?" मी म्हटलं, "तुमचे. पण आमचेही तुमच्याच बाजूने होते." बाई गोंधळल्या. मग तुम्ही सांगता ते सगळं सांगावं लागलं: तुळाजीला मोडायला नानासाहेब पेशव्यांनीच इंग्रजांशी हात मिळवला होता, पेशव्यांची फौज किल्ल्याबाहेर येऊन थांबली होती, आणि किल्ला तिच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्हने आपली माणसं मधे आणून उभी केली. आतले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले. किल्लाही काही महिने सोडला नाही. सोळा महिन्यांनी हाच माणूस प्लासीला उभा होता. तुमचं ते आवडतं वाक्य, की मराठ्यांचं आरमार मराठ्यांनीच जाळायला दिलं, मी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, "आमच्याकडेही ब्लोर हीथला दोन्हीकडे इंग्रजच होते." यावर काय बोलणार?

श्रूजबरी या जिल्ह्याच्या गावी चौकात क्लाइव्हचा पुतळा आहे, १८६० चा. २०२० साली तो हलवावा म्हणून सह्यांची मोहीम झाली, वाद झाला, पुतळा राहिला. इथे ड्रेटनला तेवढीही धग नाही. एका पबला त्याचं नाव आहे, टर्न हिलच्या लष्करी तळालाही आहे, त्याउपर कुणी विषय काढत नाही. मला वाटतं, लाजही नाही आणि गर्वही नाही. असलीच तर सवय आहे.

मोरटन सेला मी जाऊन आले. शेतांमधलं छोटं चर्च. त्याला इथे पुरलं हे नक्की, पण नेमकं कुठे ते दाखवणारा दगड नाही. भिंतीवर एक पितळी पाटी, तिच्यावर जन्म-मृत्यूच्या तारखा आणि लॅटिनमध्ये "हिंदुस्थानात पहिला" अशा अर्थाचे शब्द. १७७४ साली लंडनच्या घरी मेला, बहुधा स्वतःच्या हाताने. एवढी संपत्ती नेणाऱ्याला एवढीशी पाटी बघून मला बरं वाटलं, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

खाण्याचंही सांगते, नाहीतर आई म्हणेल नुसत्या लढायाच लिहिल्यास. हे गाव आल्याच्या बिस्किटांसाठी प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या शेवटापासून इथे ती बनतात, लांब बोटांसारखी, आणि पोर्ट वाइनमध्ये बुडवून खायची पद्धत आहे. (बाबा, चहात बुडवली तरी चालतात.) आलं क्लाइव्हने आणलं असं कुणी म्हणालं तर मानू नका. त्याच्या कितीतरी शतकं आधी सुंठ इथे पोचली होती. त्याच्या नावावर खरोखर जमा आहे ती एक वेगळीच गोष्ट. १७६८ साली तो हवापालटाला दक्षिण फ्रान्समधल्या पेझनासला राहिला. त्याच्या स्वयंपाक्याने तिथल्या बेकरीवाल्यांना मटणाच्या खिम्यात साखर आणि लिंबाची साल घालून केलेल्या छोट्या "पाय" (पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेल्या) शिकवल्या म्हणतात. पेझनासला अजून त्या विकतात, आणि ते गाव आता ड्रेटनचं जोडगाव आहे. गोड खिमा! आई, तू चव घेणार नाहीस, पण बाबा घेतील.

टर्नच्या काठाला फोर्डहॉल नावाचं शेत आहे, ते तुम्हा दोघांनाही दाखवायचंय. आर्थर हॉलिन्स नावाच्या कुळाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रासायनिक खतं सोडून ते कसलं. पुढे जमीन हातची जायची वेळ आली, तेव्हा त्याची शार्लट आणि बेन ही विशीतली मुलं उभी राहिली. पन्नास-पन्नास पौंडांचे हिस्से काढले, आणि २००६ च्या उन्हाळ्यात आठ हजारांवर लोकांनी मिळून शेत विकत घेतलं. नफा कुणालाच नाही. भावंडं तिथेच कसतात, संस्थेची कुळं म्हणून. आठ हजार नावांचा सातबारा आणि भांडण नाही. आपल्या कलमांच्या बागेत पाच नावं आहेत, आणि काकांशी बोलणं कधीपासून बंद आहे ते तुम्हीच आठवा.

बाकी, रेल्वे १८६३ साली आली आणि १९६३ साली प्रवाशांना बंद झाली, म्हणून तुम्ही याल तेव्हा मी मँचेस्टरच्या विमानतळावर गाडी घेऊन येईन. टेलफर्ड नावाच्या इंजिनिअरने आखलेला कालवा अजून चालू आहे. टर्लीला पाणी वर-खाली करणाऱ्या पाच दरवाजांतून (लॉक्समधून) बोटी चढतात-उतरतात, ते बघत तुम्ही आख्खी दुपार काढाल.

आंबा संपल्याशिवाय बाबा हलणार नाहीत, म्हणजे जून. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊलाही उजेड असतो. तिकीट मंगळवारी पोचेल असंच काढते, दुसऱ्या दिवशी बाजार मिळेल. आई, स्वेटर दोन घे, कुळथाचं पीठ घे, तांदूळ नको. बाबांच्या पासपोर्टाची मुदत बघून लगेच कळव, नूतनीकरणाला वेळ लागतो.

तुमची,
मंजू