वर म्हणजे छताकडे की डोक्याकडे?

लीड्स
१२ ऑक्टोबर

ती. ताईस सप्रेम नमस्कार,

पवनमुक्तासन इंग्रजीत कसं सांगू, असं तू व्हॉट्सॲपवर विचारलंस. मी उत्तर टाइप करत होते आणि पुसत होते. फोनवर अंगठ्याने लिहून होण्यासारखं ते नाही, म्हणून हे पत्र. आई विचारेल, सांग की तब्येत ठीक आहे, थंडी सुरू झाली आहे आणि हो, जेवते मी वेळेवर.

प्रभादेवीच्या हॉलमध्ये तू आसन करून दाखवतेस आणि बायका बघून करतात. तिथे "हं, आता असं" म्हटलं तरी भागतं. ऑनलाइन वर्गातल्या तुझ्या परदेशी बायका मात्र चटईवर उताण्या झाल्या की त्यांना स्क्रीन दिसतच नाही. सगळा भार तुझ्या बोलण्यावर. माझ्या वॉर्डातही तेच चालतं. आजोबांचा चष्मा कपाटात, कानातलं यंत्र उशीखाली, आणि त्यांना कुशीवर वळवायचंय. तिथे "असं" उपयोगाचं नाही.

म्हणून सुरुवात नेहमी जमिनीपासून कर. शरीराचा कुठला भाग टेकलाय ते आधी सांग: पाठ, पोट, एक कूस, बैठक, गुडघे की तळवे. तेवढं कळलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे निम्मं चित्र उभं राहतं. मग गुडघे वाकलेले की सरळ, मग हात, आणि मान सगळ्यात शेवटी. आपण बरेचदा उलटं करतो. हाताच्या मुद्रेपासून सुरुवात, आणि बाई बिचारी उभी की बसलेली हे कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही केसपेपरवर सुपाइन (उताणं), प्रोन (पालथं), क्रूक लाइंग (उताणं, गुडघे वाकवून) असलं लिहितो, पण ते आपापसात. रुग्णाला कुणी सुपाइन हो म्हणत नाही. त्याला सांगायचं, "लाय ऑन युअर बॅक, नीज बेंट, फीट फ्लॅट ऑन द फ्लोअर." एवढ्यात क्रूक लाइंग संपलं. आडवं होण्यासाठी व्याकरणात "लाय" बरोबर, "ले" नाही. पण इथले लोक स्वतःच सर्रास "ले डाउन" म्हणतात आणि यॉर्कशरमध्ये तर "आय वॉज सिटिंग"ऐवजी "आय वॉज सॅट" ऐकू येतं, तेव्हा त्यावर झोप घालवू नकोस. घोळ होतो तो "सिट"च्या पुढच्या शब्दाने. उभ्या माणसाला "सिट डाउन", आडव्या माणसाला "सिट अप".

आता शीर्षकातला प्रश्न. उताण्या पडलेल्या बाईला "रेझ युअर आर्म्स अप" म्हटलंस तर निम्म्या जणी हात छताकडे नेतील आणि निम्म्या डोक्यामागे जमिनीवर टाकतील. दोघींचंही बरोबर. आडवं झालं की वर-खाली, पुढे-मागे हे सगळे शब्द डळमळतात. शरीरशास्त्रात यावर जुना तोडगा आहे: माणूस कसाही पडलेला असो, तो ताठ उभा आहे, तळहात पुढे आहेत, असं धरून चालायचं, आणि वर म्हणजे कायम डोक्याची दिशा. तुझ्या वर्गाला हे शिकवत बसू नकोस. हलत नाहीत अशा वस्तूंची नावं घे: छत, जमीन, समोरची भिंत. "टुवर्ड्स द सीलिंग" म्हटलं की वाद मिटला.

डाव्या-उजव्याचंही तसंच. सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा म्हणतो, तेव्हा उजवी बाजू देवाची असते. रांगेतून पुढे आलेल्या आपल्याला सोंड आपल्या डावीकडे वळलेली दिसते. वैद्यकातही हीच रीत. एक्स-रे समोर धरला की रुग्णाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, आणि नोंद रुग्णाच्या बाजूने करायची. झूमवर आणखी एक गंमत आहे. तू स्वतःला आरशात दिसावी तशी दिसतेस, समोरच्यांना मात्र खरी दिसतेस. तेव्हा तोंडाने "युअर राइट आर्म" म्हण आणि स्वतः डावा हात उचल, शाळेतल्या पीटीच्या बाई करायच्या तसा. सुरुवातीला जीभ आणि हात भांडतील.

प्रथमोपचारात बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर वळवायला शिकवतात, तिथे तर डावं-उजवं बहुतेक टाळलेलंच असतं. त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसा. तुमच्या जवळचा हात शरीराशी काटकोनात ठेवा. लांबचा हात छातीवरून आणून हाताची मागची बाजू त्याच्या गालाशी धरा. लांबचा गुडघा उभा करा आणि तो धरून माणसाला आपल्याकडे वळवा. जवळचा, लांबचा, एवढ्यावर काम होतं. घाबरलेल्या माणसालाही ते जमावं, यातच त्या सूचनेचं कसब आहे.

आपण हे घरी अनुभवलंय. एप्रिल २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने करोना रुग्णांना पालथं झोपवण्याची माहितीपत्रिका काढली होती, आठवतं? भाऊजींच्या ऑक्सिजनचा आकडा खाली येत होता आणि तू फोनवर मला विचारत होतीस. पत्रिकेत उशांच्या जागाच दिलेल्या होत्या: मानेखाली एक, छातीपासून मांड्यांपर्यंत एक किंवा दोन, नडग्यांखाली दोन. कोन-बिन काही नाही. उशा ठेवल्या की माणूस आपोआप योग्य स्थितीत येतो. मला ती पद्धत फार आवडते. वर्गात गुंडाळलेला टॉवेल, भिंत, खुर्ची यांचा असाच उपयोग कर.

काही अवयवांबाबत मात्र सावध राहा. आपण खांद्यापासून बोटांपर्यंत सगळ्याला हात म्हणतो. इंग्रजीत हँड मनगटाशी संपतो, वरचा सगळा आर्म. पायाचं तेच, फूट घोट्याखाली आणि लेग वर. "लिफ्ट युअर फूट" म्हटलंस तर बाई पाऊल इंचभर उचलून थांबेल, तुला अख्खा पाय हवा असेल. आणि हिप हा शब्द तर इथल्या लोकांनाही फसवतो. "हँड्स ऑन हिप्स" म्हटलं की हात कमरेवर जातात, हिप दुखतं म्हणणारे बरेच जण कुल्ल्याकडे बोट दाखवतात, आणि प्रत्यक्ष सांधा बिघडला असेल तर दुखतं बहुधा जांघेत. शक्यतो गुडघा, टाच, कोपर अशा हाताला लागणाऱ्या खुणांवर भागव.

मालासन घेताना "स्क्वॉट" एवढंच म्हणू नकोस. आई उकिडवी बसून तासभर भाजी निवडायची तेव्हा तिच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या असत. इथे लहानपणापासून खुर्ची, त्यामुळे बहुतेकांच्या टाचा उचलल्या जातात आणि ते मागे कलंडतात. टाचांखाली घडी केलेली चटई घ्यायला आधीच सांग. मांडी घालून बसायलाही "ऑन द फ्लोअर" जोड, नाहीतर कुणी खुर्चीवर पायावर पाय टाकून बसेल.

आता तुझं पवनमुक्तासन. मी असं सांगेन: "लाय ऑन युअर बॅक, लेग्ज स्ट्रेट. बेंड युअर राइट नी. ब्रिंग इट टुवर्ड्स युअर चेस्ट. क्लास्प बोथ हँड्स अराउंड द शिन, जस्ट बिलो द नी. युअर लेफ्ट लेग स्टेज ऑन द फ्लोअर." इथे थांब, त्यांना पोहोचू दे. मग "ब्रीद आउट, लिफ्ट युअर हेड, नोज टुवर्ड्स द नी." मान दुखत असेल त्यांना डोकं जमिनीवरच ठेवायला सांग. एका वाक्यात एकच हालचाल. "व्हाइल", "विथ", "सो दॅट" लावून तू जी लांबलचक वाक्यं करतेस, ती कागदावर छान दिसतात, पण त्यातलं शेवटचं ऐकू येईपर्यंत पहिलं विसरलेलं असतं. श्वासाचं वाक्यही वेगळं ठेव.

पुढचं भुजंगासन तू लिही. लिहून झालं की भाऊजींना डोळे मिटून चटईवर पालथं झोपव आणि वाचून दाखव. त्यांना योगातलं काही कळत नाही, याचा इथे फायदा आहे. ते अडखळतील तिथलं वाक्य बदल आणि मग मला पाठव. इंग्रजीच्या चुका मी बघते, पण त्या मला तितक्याशा महत्त्वाच्या वाटत नाहीत.

फराळाच्या डब्यात चिवडा कमी आणि चकल्या जास्त घाल. आईला नमस्कार, पिंट्याला गोड पापा.

तुझी
धाकटी