नावाने हाक

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"तिथे तुला नावाने कोण हाक मारते रे?" असे तुम्ही गेल्या रविवारी फोनवर विचारलेत आणि मी विषय बदलला, म्हणून हे पत्र.

खरे सांगायचे तर कोणीच नाही. फाटकाशी कार्ड लावले की दिवा हिरवा होतो, टपाल सदनिकेच्या क्रमांकावर येते, आणि कित्येकदा सोमवार ते शुक्रवार माझे नाव माझ्याच कानांवर पडत नाही.

बरीच वर्षे मी याचा दोष इथल्या माणसांना देत आलो. मग गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाचा महानगरी मनाविषयीचा 1903 सालचा निबंध वाचनात आला. महानगरात क्षणोक्षणी इतके चेहरे आणि आवाज मनावर आदळतात, की प्रत्येकाला दाद देत बसणारा माणूस आतून कोलमडेल, म्हणून तो अलिप्त राहायला शिकतो, असे तो म्हणतो. या अलिप्ततेतून मोकळीकही मिळते, हेही त्याने मांडले आहे, आणि ती मी मनापासून उपभोगली आहे.

पण हिवाळ्यात एक गोष्ट घडली. शेजारच्या वृद्ध बाईंची टपालपेटी भरून पाकिटे बाहेर डोकावू लागली. मी रोज ती पाहत होतो. एकदा खाली पडलेले पाकीट उचलून पुन्हा फटीत खोचले आणि लिफ्टमध्ये शिरलो. बाराव्या दिवशी न राहवून इमारतीच्या व्यवस्थापकाकडे गेलो. "कोणाची चौकशी करताय?" असे त्याने विचारले, तेव्हा बाबा, सहा वर्षे आमची भिंत एक असूनही मला फक्त सदनिकेचा क्रमांक सांगता आला. बाई पडल्या होत्या आणि रुग्णालयात होत्या.

एकटेपणाच्या प्रश्नासाठी ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये मंत्री नेमले. दुखणे एवढे पसरले आहे खरे, पण ते दार मीच वाजवायला हवे होते, ही बोच जात नाही.

त्या आता घरी परतल्या आहेत. काल मी दार वाजवले, त्यांचे नाव विचारले. त्यांनीही माझे विचारले, दोनदा अडखळल्या, आणि तिसऱ्या वेळी अगदी नीट उच्चारले.

आईस साष्टांग नमस्कार सांगावा.

तुमचा मुलगा