खाणीच्या पाण्यात सल्फेटही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चंद्रपूर परिसरातल्या भूमिगत कोळसा खाणींच्या पाण्याची चर्चा रंगापाशीच अडते. नाला काळा वाहिला की ओरड, नितळ झाला की सारे गप्प. पण विरघळलेले क्षार डोळ्यांना दिसत नाहीत.

इथे वर कामठी थराचा पाणी धरणारा वाळूखडक आहे आणि खाली बाराकर थरातला कोळसा. खाणीत छत पेलायला ठेवलेले कोळशाचे खांब काढून छत कोसळू दिले की भेगा वर चढतात आणि पाणी गोफात, म्हणजे कोळसा काढून उरलेल्या पोकळीत, उतरते. तिथे हवा लागलेल्या पायराइटमधून (लोह आणि गंधकाचे खनिज) सल्फेट, लोह आणि आम्ल सुटते. आपल्या कोळशात गंधक कमी, शिवाय खडकातले कार्बोनेट (चुन्यासारखे क्षार) आम्ल मारतात. म्हणून मेघालयातल्या कोळसा खाणींसारखे आंबट पाणी इथे सहसा येत नाही. आम्ल मेले तरी सल्फेट आणि पाण्याचा जडपणा (कठीणपणा) उरतोच. कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी २००० साली निघालेल्या केंद्रीय अधिसूचनेत सामू (पीएच), तरंगते कण, तेल-ग्रीस आणि नायट्रेट यांना मर्यादा आहे, सल्फेटला नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र ती लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ४००.

खाणीतून उपसलेले पाणी नाल्यात सोडण्याआधी गाळ बसवणाऱ्या टाकीत थांबवतात; तिथले गणितही कच्चेच असते. ३० × १० × २ मीटरच्या टाकीत ६०० घनमीटर पाणी मावते. पंप ताशी ३०० घनमीटर सोडत असेल तर पाणी २ तास थांबते; तळाशी दीड मीटर गाळ साचला की जेमतेम अर्धा तास. कोळशाचा १० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा) कण तासाला ८ सेंटिमीटरच्या आसपासच खाली बसतो, म्हणजे टाकी साफ असली तरी तो निसटणारच. तिथे तुरटी लागते, आणि तिची मात्रा जार टेस्ट करून, म्हणजे त्याच पाण्याच्या नमुन्यांत वेगवेगळी मात्रा घालून पाहून, ठरवावी लागते, अंदाजाने नव्हे. गाळ मे महिन्यातच उपसावा. उपसून काठावरच रचला तर पहिल्या पावसात तो पुन्हा टाकीत!

झरपट नदी इरईला मिळते, इरई वर्धा नदीला. खाणीचा नाला जिथे नदीत उतरतो त्याच्या वर आणि खाली दर महिन्याला सल्फेट, एकूण विरघळलेले क्षार आणि लोह मोजून आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. खाण बंद होऊन पंप थांबले की गोफ भरतो आणि साचलेले क्षार पहिल्या लोंढ्याबरोबर बाहेर येतात. त्यामुळे खाण बंद करण्याच्या आराखड्यातच पुढच्या काही वर्षांची ही तपासणी लेखी असावी.

– एक वाचक, चंद्रपूर