सोनखताला कायद्यात जागा द्या: स्वच्छतामंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मानवी मैल्याचे सुरक्षित खत, म्हणजेच सोनखत, करता येते, ही गोष्ट आता प्रयोगापुरती राहिलेली नाही. तरीही बहुतेक नियमावल्यांच्या लेखी शौचालयातून बाहेर पडणारे सर्व काही सांडपाणीच असते आणि त्याने गटारात किंवा सेप्टिक टाकीतच जायचे असते. परिणामी बिनपाण्याच्या शौचालयासाठी परवानगी मागणाऱ्याला अर्जात योग्य रकानाच सापडत नाही, आणि पूर्ण कुजलेले खतही कागदावर मैलाच राहते.

यामागची भीती निराधार नाही. ताज्या मैल्यात पटकी आणि विषमज्वराचे जंतू असू शकतात. त्यांहून चिवट असतात ती गोलकृमीची अंडी, जी मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. पण त्यांनाही उष्णता सोसत नाही. दर वापरानंतर भुसा किंवा वाळलेला पाला टाकून कर्ब व नत्र यांचे प्रमाण सुमारे ३० ला १ राखले, ढीग पुरेसा मोठा असला आणि त्यात हवा खेळती राहिली, तर सूक्ष्मजीवांच्या कामानेच त्याचा गाभा ५५ अंश सेल्सिअसच्या वर जातो. कडा मात्र गार राहतात आणि खरा धोका तिथेच दडलेला असतो. म्हणून ढीग उलटावा लागतो व लांब दांड्याचा तापमापक कडेलाही खुपसून पाहावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये अशा खतासाठी ५० अंशांहून अधिक तापमान किमान आठवडाभर टिकावे, अशी शिफारस केली. अमेरिकेचे १९९३ चे नियम उघड्या लांबट ढिगांसाठी ५५ अंश तापमान, १५ दिवस आणि त्या काळात ५ वेळा उलटणी सांगतात. गंमत अशी, की हे अमेरिकी नियम सांडपाणी केंद्रातल्या गाळासाठी आहेत, ज्यात कारखान्यांतले जड धातूही मिसळू शकतात. उगमापाशीच वेगळा ठेवलेला मैला त्या मानाने कितीतरी निर्भेळ, पण त्याला असा सरळ मार्ग क्वचितच मिळतो. मग ज्यांना हे करायचेच असते ते गुपचूप करतात, आणि तिथे ना तापमानाची नोंद असते ना तपासणी.

म्हणून आपल्याला विनंती आहे, की शौचालयाचा प्रकार न पाहता तयार खताची कसोटी कायद्यात घालावी: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे कोरड्या खताच्या दर ग्रॅममागे जंतांचे अंडे एकाहून कमी आणि ई. कोलाय जिवाणू हजाराहून कमी. कच्चा मैला कोणाही माणसाला हाताने उपसावा लागू नये, ही अट मात्र तडजोडीपलीकडची असावी. ती पाळता येत नसेल तिथे परवाना देऊच नये. मैल्यातून खतात येणाऱ्या औषधांच्या अंशांचा प्रश्न पुरता सुटलेला नाही, तेव्हा पहिली काही वर्षे हे खत कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना न देता झाडांना आणि कुरणांना देण्यापुरती मुभा ठेवली तरी आमची हरकत नाही. नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला करताना तापमान-नोंदीचा नमुना तक्ताही सोबत जोडावा.

आपला विश्वासू,
एक नागरिक