सावलीतले मोठे पान फसवे

संपादक महोदय,

शेडनेटखाली किंवा झाडांच्या सावलीत वाढलेल्या पिकाचा फोटो दाखवून ‘पाने बघा किती मोठी झाली’ असे सर्रास सांगितले जाते. पाने मोठी होतात हे खरेच. पण एवढ्यावरून पीक जोमात आहे असे ठरवून सावली वाढवत नेली, की उत्पादन हमखास घसरते.

साधारण ३० ते ५० टक्के ऊन अडले, की बऱ्याच पिकांचे पान पसरट होते आणि त्याच वेळी पातळही होते. उन्हातल्या पानात वरच्या सालीखाली उभ्या, लांबट पेशींचे दोन-तीन थर असतात. सावलीतल्या पानात बहुधा एकच, तोही आखूड. पर्णरंध्रे विरळ होतात. वजनाच्या हिशेबाने हरितद्रव्य वाढते, म्हणून पान अनेकदा गर्द हिरवे दिसते आणि बघणारा खूश होतो. असे पान कमी उजेडात काटकसरीने चालते, पण भरपूर उजेड मिळाला तरी तो त्याला पेलत नाही. आणि सावली ७०-७५ टक्क्यांच्या पुढे गेली, की ऊन मागणाऱ्या पिकात साखरच अपुरी पडते. मग पाने संख्येने कमी आणि आकारानेही लहान निघू लागतात.

पारख डोळ्यांनी करू नये, वजनाने करावी. उन्हातल्या आणि सावलीतल्या झाडांवरून शेंड्याकडची तिसरी-चौथी, पूर्ण उघडलेली पाने वेगवेगळी घ्यावीत. मधली शीर टाळून दोन्हींच्या १ चौरस सेंटिमीटरच्या प्रत्येकी १०० चकत्या पाडाव्यात, ७० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवाव्यात आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलाव्यात. उन्हातल्या चकत्या ०.५ ग्रॅम आणि सावलीतल्या ०.३ ग्रॅम भरल्या, तर पानाचा आकार दीडपट होऊनही त्यात भरलेला माल जवळपास तेवढाच आहे.

सगळी सावली सारखी नसते, हे तर जवळपास कुणीच सांगत नाही. काळी जाळी सगळे रंग सारख्याच प्रमाणात अडवते. हिरवे पान मात्र लाल प्रकाश शोषून घेते आणि त्यापलीकडचा फार-रेड प्रकाश खाली सोडते. उघड्या उन्हात फार-रेडच्या तुलनेत लाल प्रकाशाचे प्रमाण १.२ पटीच्या आसपास असते, दाट पिकाच्या तळाशी ते ०.२ किंवा त्याहूनही खाली जाते. फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा फरक ओळखते. मग पेरे आणि देठ लांबतात, फुटवे थांबतात, पानांकडे जायचा माल खोडात जातो. पीक उंच दिसते आणि पहिल्याच जोरदार वाऱ्यात लोळते. शेजारच्या पानांवरून आडवा परतणारा फार-रेड पुरेसा असतो, त्यामुळे प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच ही धावपळ सुरू होते. विरळणी म्हणूनच पाने एकमेकांना भिडण्याआधी करायची. लक्समीटरवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रावर, हा फरक कळत नाही. तो जाळी किती ऊन अडवते एवढेच पाहायला ठीक, तेही आतले आणि बाहेरचे माप पाठोपाठ घेतले तर.

पिकागणिक हिशेब बदलतो. मका, ऊस, ज्वारी यांचे पान भर उन्हातही तृप्त होत नाही, म्हणजे ऊन वाढेल तसे ते अन्न वाढवतच राहते, त्यामुळे थोडी सावलीसुद्धा भोवते. भात, सोयाबीन, टोमॅटो यांचे सुटे पान निम्म्या उन्हातच तृप्त होते, पण म्हणून निम्मी सावली चालेल असे नाही. खालच्या पानांना आधीच उजेड कमी असतो. आले, हळद, वेलची, कॉफी सावली सोसतात. सिगारच्या वेष्टनाच्या तंबाखूला मुद्दाम सावली करतात, कारण तिथे पातळ पानच हवे असते. पालकासारख्या भाजीत मात्र उजेड कमी पडला की नायट्रेट साचते. वर युरिया दिला तर ते आणखी वाढते आणि आधीच मऊ असलेली पाने किडींना आयती सापडतात. सावलीत बाष्पीभवनही कमी, म्हणून पाणीही उघड्या रानाइतके देऊ नये. मुळे घुसमटतात, दव उशिरा सुकते आणि बुरशी धरते.

सर्वात मोठी चूक म्हणजे भर दुपारी एकदम जाळी काढणे. पानाची घडण कोवळेपणीच ठरते. पूर्ण वाढलेले पान नवे थर बांधू शकत नाही. त्यावर पांढुरके डाग पडतात, कडा करपतात. ढगाळ दिवस बघून सुरुवात करावी. पहिले दोन-तीन दिवस फक्त सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर ऊन द्यावे, मग वेळ वाढवत ७ ते १० दिवसांत जाळी पूर्ण काढावी. उन्हात उमललेली दोन नवी पाने दिसेपर्यंत जुनी खुडू नयेत.

आपल्या शेतीच्या पानावर यापुढे असे फोटो छापताना जाळीचा रंग, सावलीची टक्केवारी, ती किती दिवस होती, पिकाची अवस्था आणि शेवटी माल किती निघाला, एवढे तपशील सोबत द्यावेत, ही विनंती.

– पीक शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक