जादा तासांची बेरीज

संपादक महोदय,
स. न.

कालचा अग्रलेख वाचला. शाळा बंद राहून बुडालेलं शिक्षण भरून काढायला रोज एक तास जादा, रविवारीही वर्ग आणि सुट्ट्यांना कात्री! आपली बेरीज बिनचूक आहे. त्यात मुलं तेवढी कुठे दिसली नाहीत.

मी प्राथमिकला तीस वर्षं शिकवलं. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं तेव्हा तिसरीत असलेला एक मुलगा मला पाचवीत भेटला. मधली चौथी मोबाइलवर झालेली. अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं वहीत उतरायचं. दोन आठवडे मी त्याला हुशार समजत होते. मग एके दिवशी धडा मोठ्याने वाचायला सांगितला, तर पठ्ठ्याने चित्र बघून गोष्ट रचली. छान रचली, पण त्या पानावर ती नव्हती. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं. हातच्याची वजाबाकी पुसून गेलेली, आणि मी त्याला अपूर्णांक समच्छेद करायला शिकवत होते.

जादा तास आमच्याकडेही झाला हो! सकाळी न कळलेला धडाच दुपारी पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. हा मुलगा बाकावर डोकं टेकून झोपायचा. मी उठवत नसे. खरं सांगायचं तर मलाही पेंग यायची.

शेवटी आम्ही तिघींनी तिसरी ते पाचवीची मुलं रोज दीड तास एकत्र बसवली आणि इयत्ता न बघता, वाचता काय येतं ते बघून गट पाडले. कुणी अक्षरांवर, कुणी शब्दांवर, कुणी परिच्छेदावर. ही काही आमची अक्कल नव्हे, 'प्रथम' संस्था हे वर्षानुवर्षं करत आली आहे. कमीपणा वाटू नये म्हणून गटांना पक्ष्यांची नावं दिली. (कोणता पक्षी कच्चा, हे मुलांनी दोन दिवसांत ओळखलं, ते सोडा.) दोन महिन्यांत तो परिच्छेद वाचू लागला. अडखळत, पण पानावरचाच.

आणि नेमकी तेव्हाच तपासणी आली. टाचणवही उघडून साहेब म्हणाले, "बाई, सातवा धडा अजून कोराच?" मी म्हटलं, मुलाला उभं करते, त्याचं वाचन ऐका. साहेबांना वेळ नव्हता. लेखी खुलासा मागायला मात्र होता. तीस वर्षांत पहिला खुलासा मी दिला तो मूल वाचायला लागलं म्हणून.

आपल्याला आकड्यांची आवड दिसते म्हणून सांगते. २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानातल्या त्या भागातल्या शाळा साधारण तीन महिने बंद होत्या. चार वर्षांनी चाचण्या घेतल्या, तर भूकंपरेषेजवळची मुलं सुमारे दीड वर्ष मागे निघाली. तीन महिन्यांचं दीड वर्ष बंद शाळेत कसं होईल? ते उघडलेल्या शाळेत झालं असणार, पाठ्यपुस्तक पुढे आणि पोरं मागे, असं. ज्यांच्या आया निदान प्राथमिक शाळा शिकलेल्या होत्या, ती मुलं मात्र मागे पडली नव्हती. पोराचं बोट कुठे थांबतं हे बघणारं घरात कुणीतरी होतं, एवढाच अर्थ मी काढते. रविवारच्या वर्गात ते कोण बघणार आहे? तुमचे अग्रलेखक?

वाचनाचा विषय निघालाच आहे म्हणून. आपल्या मुलांच्या पानावर गोष्ट फिकट पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत का छापता? मला चष्मा लावून दिसत नाही, नुकत्या वाचू लागलेल्या पोराला काय दिसणार?

पत्र छापलंत तर खुलाशाचा परिच्छेद कापू नये. मागच्या वेळी 'जागेअभावी' नेमकं तेच कापलं होतंत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव छापू नये)