फॅन्सी ड्रेस भाड्यानं कशाला, घरात कतरण आहे की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. वर्षातनं दोन-तीनदा तरी रात्री नऊ-साडेनऊला माझ्या दारात आया येऊन उभ्या राहतात, ताई उद्या फॅन्सी ड्रेस आहे, ग्रुपवरचा मेसेज आत्ता बघितला, तेवढं हे कमरेत बारीक करून द्या. हे म्हणजे भाड्यानं आणलेला पोलीस, नाहीतर डॉक्टर, नाहीतर पायलट. यंदा एक वहिनी पायलटचा ड्रेस घेऊन आल्या, साडेतीनशे भाडं नी पाचशे डिपॉझिट, कापडाला कात्री लावायची नाही, टीप मारायची नाही, म्हणून मी नुसते कच्चे टाके घालून दिले. पोरगं चार वर्षांचं. जरा फरशीवर टेकायला गेलं की आई ओरडायची, बसू नको मळेल, डिपॉझिट जाईल आपलं. वहिनींचंही बरोबर होतं, पैसे काय झाडाला लागतात काय. पण ड्रेस काढल्या काढल्या त्या पोरानं काय केलं तर माझ्या मशीनखालचा रिळांचा खोका ओढला, रिळं बाहेर ओतली, आत जाऊन बसला नी विमान सुरू. खोक्याच्या झाकणाला धरून दहा मिनिटं तो उडत होता, मला म्हणाला मावशी पट्टा बांधा. अंगात बनियन नी चड्डी, पण खरा पायलट तो तेव्हा होता.

तेव्हापासनं हे पत्र डोक्यात होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे ड्रेस स्टेजवर दोन मिनिटं उभं राहून "मी पायलट आहे" म्हणण्यासाठी नसावेत, खेळण्यासाठी असावेत, म्हणजे ते मळणार, फाटणार, परत शिवता येणार, मग ते घरातल्या टाकाऊतूनच करायला पाहिजेत आणि पोराला शेजारी बसवून करायला पाहिजेत. आपण सगळे भातुकली खेळलोय, दुकान-दुकान खेळलोय. त्यात पोरगं दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहतं, त्याच्यासारखं बोलतं, आधी काय नंतर काय ते लक्षात ठेवतं, आपला नंबर यायची वाट बघतं. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं पोर पेशंट झालं की गप पडून राहतं, हे कुठल्याही आईला विचारा.

मागच्या मे महिन्यात आमच्या गल्लीतली सात-आठ पोरं दुपारची माझ्या सोप्यात बसायची. जुन्या जीन्सचा पाय कापून, खाली शिवून, वर स्कूलबॅगचा पट्टा लावला की केएमटीच्या, म्हणजे आपल्या सिटी बसच्या, कंडक्टरची पिशवी तयार. तिकिटं जुन्या कॅलेंडरच्या पानांची. एक घंटी थांबायला, दोन घंट्या सुटायला हे पोरांना आधीच पाठ होतं, मला नव्हतं. पोस्टमनला पत्रं म्हणून लग्नपत्रिका, त्या तर प्रत्येक घरात गठ्ठ्यानं पडलेल्या असतात. डॉक्टरचा कोट म्हणजे बाबांचा जुना पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत कापून. घंटागाडीच्या काकांचं जाकीट मी ब्लाऊजच्या अस्तरातल्या उरलेल्या पोपटी कापडाचं केलं नी चमकणाऱ्या पट्ट्या चिप्सच्या पाकिटाच्या, ते पाकीट उलटं करून साबणानं धुतलं की आतनं चांदीसारखं निघतं. हे पाकीट एरवी भंगारवालासुद्धा घेत नाही. जाकीट घातलेल्या पोरीनं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या आज्जीला कांद्याची सालं सुक्या कचऱ्यात टाकली म्हणून थांबवलं.

पण मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते वेगळ्याच ड्रेसबद्दल. माझे मिस्टर उद्यमनगरातल्या कारखान्यात टर्नर आहेत, लोखंड फिरवून कापायच्या लेथ मशीनवर वीस वर्षं उभे. माझी धाकटी म्हणाली मला पप्पा व्हायचंय. मी जुन्या कॅनव्हासच्या पिशवीचा ॲप्रन शिवला, मागं छान लांब नाड्या सोडल्या, हातमोजे पण दिले. हे संध्याकाळी आले, बघितलं, नी कात्री मागितली. नाड्या कापल्या, तिथं मला वेल्क्रो लावायला सांगितला, हातमोजे काढून घेतले. तिला समोर बसवून म्हणाले, "बाळा, लेथवर लोंबतं काही चालत नाही, मोजा तर अजिबात नाही, फिरत्या जॉबनं एकदा ओढलं की हात आत जातो. केस आधी बांध." मग एका जाड लग्नपत्रिकेचा व्हर्नियर, म्हणजे जाडी मापायचं साधन, कापला, सरकणारा, नी लाटणं हातात देऊन कसं मापायचं ते दाखवलं. चष्मा तिनं पाण्याच्या बाटलीच्या पारदर्शक तुकड्याचा केला, कडेला मी कापडाची पट्टी मारली, टोचू नये म्हणून. हे दिवसभर काय करतात ते त्या पोरीला पहिल्यांदा कळलं, नी खरं सांगते, मलाही त्या दिवशीच नीट कळलं.

म्हणून शाळांना माझं सांगणं आहे की पायलट, डॉक्टर, पोलीस ठीकच आहेत, पण आपल्या गावात जी कामं चालतात ती पण आणा की. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून सरकारी मान्यता, मिळालं, सगळ्यांना अभिमान आहे, पण चप्पल शिवणारा माणूस मी आजवर एकाही फॅन्सी ड्रेसमध्ये बघितला नाही. गुऱ्हाळातला गुळव्या नाही, तालमीतला वस्ताद नाही. लाल माती, खांद्यावर पंचा, वस्तादाला तर ड्रेसच लागत नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरासुद्धा इथं स्वतःच्या हातानं बनवला, विकत आणला नाही, त्या गावात आपण चार वर्षांच्या पोराचा ड्रेस भाड्यानं आणतोय. ताराबाई मोडक नी अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा पण महागडी साधनं आणली नाहीत, शंख, शिंपले, बिया, पानं, जे आजूबाजूला मिळेल त्यावर पोरांना शिकवलं.

अजून एक. माझी बहीण प्रयाग चिखलीत दिलेली. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात त्यांना बोटीनं बाहेर काढलं, भाचा तेव्हा पाच वर्षांचा, बोटीत आईला धरून गप बसलेला होता, एक शब्द बोलला नाही. नंतर आमच्याकडं राहायला आला तेव्हा त्यानं खाटेची बोट केली नी रोज एकच खेळ, आज्जी हात द्या, पाय आत घ्या, कोंबडी पण घ्या. मी त्याला परकराच्या नारिंगी कापडाचं जाकीट शिवून दिलं, आत जुनी उशी फाडून कापूस भरला, पुढं बॅगेचं बक्कल. चार-पाच महिने ते जाकीट त्यानं सोडलं नाही. खऱ्या बोटीत त्याच्या हातात काही नव्हतं, खाटेवरच्या बोटीत तोच सगळ्यांना वाचवत होता, नी हळूहळू रात्रीचं दचकणं कमी झालं. असलं जाकीट विकत मिळालं असतं तरी इतकं त्याचं झालं नसतं, कारण बक्कल कुठं लावायचं ते त्यानं सांगितलेलं. फक्त एक गोष्ट त्याला दहादा बजावली की हे पाण्यात तरंगत नाही, घाटावर नी रंकाळ्यावर हे न्यायचं नाही.

काळजीचं पण लिहिते, कारण टाकाऊ म्हणजे काहीही चालतं असं नाही. सिमेंटची, खताची, औषध फवारणीची पोती घेऊ नका, कितीही धुतली तरी नको. प्लॅस्टिकची पिशवी डोक्यात घालायची टोपी म्हणून कधीच नाही. गळ्याभोवती नाडी नको, वेल्क्रो लावा, ओढला की सुटला पाहिजे, स्टेथोस्कोप पण खेळ झाला की गळ्यातनं काढून ठेवायचा. स्टेपलरची पिन नको, टाका घाला. तीन वर्षांच्या आतल्या पोराजवळ बटण, बाटलीचं टोपण ठेवू नका. डॉक्टरच्या खेळात खरी सुई, खरी सिरिंज, औषधाची रिकामी पाकिटं काही नको. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडू नका, तो कुठंतरी उडून गटारीत जातो, नी पिशवी लगेच गार पाण्यानं धुवा नाहीतर वास जात नाही. हेल्मेट करायला पेपरचा लगदा एक नंबर, स्टीलचं पातेलं पालथं घालून त्यावर थर द्यायचे, खळ मैद्याची शिजवायची, पण जुनी माणसं कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायची ते पोरांच्या कामात अजिबात घालू नका, विषारी असतं, दोन दिवस कडक उन्हात वाळवलं की बास.

शाळांनी नी अंगणवाड्यांनी एक मोठा खोका वर्गात ठेवावा, त्यात हे ड्रेस वर्षभर राहू देत, पोरं पाहिजे तेव्हा काढतील, घालतील. फॅन्सी ड्रेस घ्यायचाच असेल तर पंधरा दिवस आधी कळवावं नी "घरी केलेलाच चालेल" असं मेसेजमध्ये स्पष्ट लिहावं, म्हणजे कुठल्याच आईला कमीपणा वाटणार नाही.

माझ्याकडं आठवड्याला दोन पोती कतरण निघते, अस्तर, काठ, सॅटिन, कॉटन सगळं. ज्या अंगणवाडी ताईंना, बाईंना पाहिजे त्यांना फुकट देते, आणि आपल्या पेठेतले बाकीचे टेलर पण नाही म्हणणार नाहीत, जाऊन विचारा. शनिवारी संध्याकाळी मी मशीन झाडते, तेव्हा पिशवी घेऊन आलं तर बरं.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर